खंडेनवमीला उघडलेले झाकण

मी एक जुनी लेथ आहे. ओबडधोबड लोखंडाला फिरवून, कातून, त्याला गोल आणि गुळगुळीत करणे हे माझे काम. मित्रांनो, आज मी समुद्रापलीकडच्या एका उसाच्या बेटावर, रोझ बेल गावातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गोणपाट पांघरून उभी आहे. पण मला भंगार म्हणणाऱ्याला मी आजही माफ करत नाही.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतून माझे अंग घडवले गेले, त्यावर हिरवा रंग चढला. माझ्या मस्तकात जो मुख्य दांडा फिरतो, त्याच्यावरच्या झाकणाला शिशाचे सील ठोकले. कारखान्यातून निघाल्यापासून वर्षभर कंपनीच्या माणसाखेरीज कोणी ते तोडायचे नाही, तोडले तर वॉरंटी गेली, असा त्याचा हुकूम होता. १९७४ संपता संपता मी जहाजाने बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुई बंदरात उतरले आणि लॉरीवर बसून रोझ बेलला आले.

मला मागवणाऱ्या इंद्राणीबाई. त्यांचे पती उसाच्या बैलगाड्यांना लोखंडी धावा बसवीत. ते गेल्यावर बाईंनी भट्टी विझू दिली नाही आणि मुलाला, देवराजला, टर्नरचे काम शिकायला धाडले. त्या वर्षी साखरेला भाव होता. गावातल्या इतरांनी घरे बांधली. बाईंनी मला आणले. माझ्या स्वागताला त्या नवी साडी नेसून दारात उभ्या होत्या. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पण पहिल्याच महिन्यात माझे मस्तक तापू लागले. आतून घरघर येई. कातलेल्या दांड्यावर लाटा उमटत आणि एका टोकाला तो जाड भरे. बाईंनी आधी मुलालाच दोष दिला. त्याने माझी पातळी तपासली, पाते बदलले, पट्टा बदलला, घरघर थांबेना. झाकण उघडून बघू, असे तो दहादा म्हणाला असेल. दर वेळी बाईंचे एकच उत्तर असे, की सीलला हात लावायचा नाही, ज्यांनी विकले ते येऊन बघतील.

ते येईनात. कोपऱ्यावरच्या चिनी दुकानातून देवराज कंपनीच्या पोर्ट लुईतल्या एजंटला फोन करी. कधी साहेब जेवायला गेलेले असत, कधी गाडी नसे, कधी तक्रार लिहून घेतलेली असे पण ती लिहिणारी मुलगी सुट्टीवर असे. मला तेल पाजत ते थांबले. ते तेल आत पुरते पोचत नव्हते, हे मला कळत होते. सांगायला तोंड कुठे होते?

इकडे घाई वाढत होती. जवळच्या साखर कारखान्याचे मुख्य मिस्त्री चंद्रमोहन यांनी बाईंना शब्द दिला होता. उसाची कापणी संपून कारखाना बंद झाला की दुरुस्तीचे सगळे दांडे तुमच्याकडे देतो. मात्र दसऱ्यानंतर मी येईन, तेव्हा एक दांडा अचूक कातून दाखवा. ते काम मिळाले नाही, तर देवराज लंडनला मामाकडे जाणार होता. बोटीवर चढलेली मुले परत येत नाहीत, हे बाईंनी शेजारपाजारी पाहिले होते.

आणि कंपनीचा माणूस उगवला तो नेमका खंडेनवमीला.

मित्रांनो, त्या दिवशी आमच्या घरात सुईसुद्धा उचलत नसत. हत्यारे धुऊन, पुसून, पूजा करून विसाव्याला ठेवायची, हा देवराजच्या आजोबांनी कोकणातून आणलेला नेम. सकाळीच माझ्या मस्तकावर हळदकुंकू वाहिले होते, गळ्यात झेंडूची माळ होती. त्या माणसाने बॅग उघडून पाना काढला. बाईंनी उद्या येण्यास सांगितले. उद्या आपल्याला व्हाकोआ गावी जायचे आहे, मग महिनाभर वेळ नाही, असे तो म्हणाला.

देवराज हळूच म्हणाला, "आई, महिन्यानं वॉरंटीच राहणार नाय."

बाईंनी पुढे येऊन स्वतः माझी माळ उतरवली.

"उघडा, मिस्ये," त्या साहेबाला म्हणाल्या. "दोष लागला तर तो मला लागेल."

त्याने सील कापले आणि झाकण वाकडे करून उचलले. वरचे कुंकू घसरून तेलात पडले. त्याने बोट बुडवले, ते लाल निघाले. ते बोट त्याने बाईंपुढे धरले, जणू चोरी पकडली होती.

"मादाम, यंत्रात पावडर टाकली तर यंत्र बिघडणारच."

"आता तुमच्या हातून पडलं ते. घरघर तर जानेवारीपासून आहे."

"मला पावडर दिसते, जानेवारी दिसत नाही," तो म्हणाला आणि कागदावर लिहू लागला. "गारांती फिनी." वॉरंटी संपली.

चहा मात्र पूर्ण पिऊन गेला.

देवराज संतापाने त्याच्यामागे निघाला. बाईंनी त्याला थांबवले. त्या माझ्यापाशी आल्या, मस्तकातले तेल दोन बोटांत घेऊन चोळत राहिल्या, तांदळातला खडा शोधावा तशा.

"कुंकू बोटांत विरतं," त्या म्हणाल्या. "हे विरत नाय. ही वाळू आहे."

ती माझ्या जन्माची वाळू होती. साच्यातली, कारखान्यात नीट न धुतलेली. तेलाची वाट तिने अडवली होती आणि वर्षभर ती मला आतून खात होती. बाईंनी एजंटला कळवले. अहवाल झाला, आता बदलत नाही, असे उत्तर आले. इंग्लंडला पत्र गेले. तिथून आमच्या पत्राबद्दल आभार आले.

दसरा उलटल्यावर देवराजने मला आतून रॉकेलने धुतले. घरघर शमली, पण माझ्या मुख्य दांड्यावर पडलेले ओरखडे कसे जावेत? चंद्रमोहन आले. देवराजने दिवसभर बारीक बारीक कात घेत दांडा उतरवला. चंद्रमोहनांनी तो पुन्हा पुन्हा मोजला; दर वेळी केसभर फरक येत होता.

"काकी, मोठे दांडे पोर्ट लुईला धाडावे लागतील. साखळीच्या पिना देतो, चालतील?"

एरवी अशा वेळी बाईंनी माणसाला दार दाखवले असते. त्यांनी मुलाकडे पाहिले.

"द्या," त्या म्हणाल्या.

देवराज राहिला. पुढची दहा-बारा वर्षे आम्ही पिना केल्या, पंपांचे दांडे केले, सायकलींचे आस केले. कारखान्याच्या मोठ्या कामासाठी मी घडले होते, ते मला एकदाही मिळाले नाही. त्याचा राग मी आजही सोडलेला नाही आणि सोडणार नाही.

पण पुढच्या खंडेनवमीपासून घरातला नेम बाईंनी बदलला. पूजेआधी देवराजने माझे झाकण उघडायचे, जुने तेल काढायचे, बाईंनी ते बोटांत चोळून बघायचे आणि मगच कुंकू लावायचे. जुन्या मंडळींनी नाके मुरडली. बाईंनी त्याच्या पुढल्या वर्षीही आधी तेलच बघितले.

मुलांनो, तुमच्या घरीही यंत्रे येतील, दूर देशांतून, सुंदर खोक्यांतून, मोठमोठी वचने घेऊन. वचन देणाऱ्याची वाट पाहत त्यांना कुढत ठेवू नका. आम्हांला फुले वाहा, आम्हांला ती आवडतात. पण त्याआधी आमचे तेल बघा.