नावावरची पट्टी

तुमच्या-माझ्या घरातली किती बाळं मालिशवालीच्या पायांवर पालथी पडून मोठी झाली, जरा आठवून पाहा. पितळी वाटीतलं कोमट तेल आठवतं, ओव्याची धुरी आठवते, हिवाळ्यातलं अंगणातलं ऊन आणि तिचे हातही आठवतात. तिचं नाव विचारलं की मात्र आपण घरातल्या मोठ्यांकडे बघतो, आणि त्यांनाही ते सांगता येत नाही. ही गोष्ट अशाच एका बाईची आणि तिच्या मुलीची आहे.

मुलगी ऋतुजा. नागपूरच्या मनीषनगरातल्या एका संस्थेत ती मसाज थेरपी शिकत होती. पुस्तकी अभ्यास संपला होता. आता संस्थेच्याच क्लिनिकमध्ये शंभर पेशंटना हाताखालून घालायचं, मग प्रमाणपत्र. ऋतुजाचे ब्याऐंशी झाले होते.

तिथल्या मयुरा मॅडम फार कडक. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर काही लिहिण्याआधी सगळ्यांच्या हातात नेलकटर दिला होता. अंगठी नाही, बांगडी नाही, अत्तर नाही. ज्या भागावर काम करायचं तेवढ्यावरचीच चादर बाजूला करायची. हात लावण्याआधी "हात लावू का?" असं विचारायचं आणि पेशंट स्वतःच्या तोंडाने हो म्हणेपर्यंत थांबायचं. फॉर्मवर माणसाचं एक चित्र छापलेलं असे, त्यावर दुखरी जागा, व्रण, डाग काढायचे. आणि पडद्याआड जे पाहिलं, ऐकलं, ते पडद्याआडच ठेवायचं. दर शनिवारी एकेक फॉर्म फळ्यावर लावून वर्गात चर्चा होई, तेव्हाही नावावर कागदाची पट्टी चिकटवलेली असे.

"ही पट्टी म्हणजे त्या माणसाच्या अंगावरची चादर आहे," मॅडम म्हणत. "ती ओढणाऱ्याला माझ्याकडे जागा नाही."

एका सोमवारी सकाळी त्र्याऐंशीवा फॉर्म ऋतुजाच्या हातात आला. नाव देवकी, वय सहासष्ट, राहणार महाल. उजवा खांदा धरलेला, कंबर दुखते.

पडदा सारून तिने पाहिलं आणि लगेच ओळखलं. अकरा वर्षांत केस पांढरे झाले होते, पण हनुवटी तशीच वर होती. कापड दुकानवाल्या देवकीकाकू!

अकरा वर्षांपूर्वी ऋतुजा दहा वर्षांची होती. उमरेडचा हातमाग बंद पडल्यावर तिचे आईवडील तिच्या जन्माआधीच नागपूरच्या महाल भागात भाड्याच्या खोलीत राहायला आले होते. आई मैनाबाई बाळंतिणींची आणि बाळांची मालिश करायची. गल्लीतली सात घरं तिच्याकडे होती, आणि देवकीकाकूंचं घर त्यातलं पहिलं. मग मैनाबाईच्या बोटांवर पांढरे डाग उमटले. कोड. त्या वर्षी आपल्या घरच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला देवकीकाकू वीस बायांसमोर मोठ्याने म्हणाल्या, "मैनेच्या हाताकडे पाहा बायांनो! आपल्या लेकरांले हात नका लावू देऊ. लागते ते."

ऋतुजा आईशेजारीच बसली होती. तिच्या मुठीत तिळगूळ होता. आई उठली, आणि ती ज्या पाटावर बसली होती तो पाट त्यांच्या देखत फिनाईलने धुतला गेला.

आठ दिवसांत सातही घरं सुटली. महिन्याभरात खोली सुटली. वडील बाबनराव शहराबाहेर वाडीला एका गोदामात चौकीदार लागले आणि मैनाबाई तिथेच बारदाना शिवू लागली. "पोत्यांले कोड लागत नाही," असं म्हणून ती हसायची. ऋतुजाला त्या हसण्याचा राग यायचा. त्या रागावरच ती वाढली होती.

ऋतुजाच्या तोंडाला मास्क होता. देवकीकाकूंनी तिला ओळखलं नाही.

"हात लावू का, काकू?"

"अवं, मालिश कराले आली ना मी! आता पूजा करून विचारशील का?"

"नियम आहे. तुम्ही हो म्हणा."

"हो वं बाई, हो! लाव."

खांद्यात गाठ होती. अंगठा नेमका तिच्यावर गेला. थोडा जोर वाढवला असता तर ही बाई किंचाळली असती, आणि 'गाठ मोडताना दुखतंच' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. ऋतुजाने दात आवळले. जोर वाढवला नाही. मग कंबरेसाठी तिने चादर खाली केली, आणि तिथे संत्र्याच्या पानाएवढे तीन पांढरे डाग होते.

देवकीकाकूंचा हात झटकन मागे आला. "ते भाजलं होतं जरा."

ऋतुजाने फॉर्म हातात घेतला.

"पोरी..." आवाज एकदम लहान झाला. "कोनाले सांगू नको वं. सुनेलेही मालूम नाही. नातीचं लग्न जमून राहिलं आमच्या घरी."

"पडद्यामागचं पडद्यामागेच राहतं, काकू," ऋतुजा पाठ केल्यासारखं म्हणाली. फॉर्मवरच्या चित्रात तिने तीन डाग काढले. लाल पेनाने, ठळक.

त्या शनिवारी फळ्यावर फॉर्म लावायची पाळी तिचीच होती. आणि वर्गात पहिल्या बाकावर नूपुर बसायची. नूपुरचं घर देवकीकाकूंच्या घरापासून तिसरं, आणि तिच्या आईला सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीत पोचायची. पट्टी एका टोकालाच चिकटवायची. पंखा सुरू झाला की ती गळून पडेल. 'मॅडम, गोंद कमी लागला वाटतं!' बस्स, एवढंच म्हणायचं. संक्रांतीआधी महालात एकही घर उरणार नाही जिथे देवकीच्या कोडाची गोष्ट नसेल. तिच्या नातीचं स्थळ मोडेल. मोडू दे! आमचं घर मोडलंच होतं की.

ऋतुजाने शुक्रवारीच फॉर्म तयार केला आणि पट्टी तशीच, एका टोकाला चिकटवली. मग ती वाडीला घरी गेली. आनंद पोटात मावत नव्हता. आई दाराशी उन्हात बसून पोतं शिवत होती.

"आई, देव आहे वं! देवकीले कोड निघालं. कमरेवर तीन डाग. म्या या डोळ्यांनं पाह्यले."

मैनाबाईची सुई थांबली. "खरं?"

"उद्या सगळ्या महालाले समजते." तिने पट्टीचा बेत सांगितला.

मैनाबाईने पोतं बाजूला सारलं. मग तिच्या ओठांवर हसू आलं. ते चांगलं हसू नव्हतं. "फजिती होईन तिची."

"मोठी फजिती!"

"लोकं थू-थू करतीन."

"करूच दे."

"कायची थू-थू?"

"कोडाची, दुसरं काय?"

मैनाबाईने दोन्ही हात पुढे केले. आता पांढरेपणा मनगटापर्यंत चढला होता. "हे पाह्य. हेच ना? मंग हे थुंकण्यासारखं हाय, असं म्हण ना माह्या तोंडावर!"

"आई, मी तुले कुठं म्हणून राहिली?"

"मले नाही तं कोनाले? अकरा वर्ष मी सांगून राहिली, बाप्पा, हे लागत नाही, हे पाप नाही, हा चामडीचा रंग गेला फक्त. कोनी ऐकलं नाही. आता माही पोरगी, शिकलेली, उद्या फळ्यावर लाल पेनानं सांगन का हे लाजेचं हाय. देवकी एकडाव बोलली होती. तू दुसऱ्यांदा बोलशील. तिच्याच जिभेनं बोलशील!"

"मंग तिले तसंच सोडू?"

"मी काय साधू हाय का वं? मलेही राग हाय. रोज सुईत दोरा ओवतो तवा येते. तिचं मन खोटं, तिची जीभ खोटी, तिथं मार! मारशील तं माह्या हातावरून नको मारू."

अकरा वर्षं जपलेला राग असा एका क्षणात उलटा होऊन आपल्याच अंगावर येईल, हे ऋतुजाच्या ध्यानीमनी नव्हतं.

शनिवारी ती वर्ग भरण्याआधी मॅडमच्या खोलीत गेली आणि फॉर्म टेबलावर ठेवला. पट्टी लोंबत होती. तिने सगळं सांगितलं. घरी आईला सांगितल्याचंही.

मयुरा मॅडमनी पट्टी बोटाने दाबून पाहिली. "तुझ्या जागी मी असते तर कदाचित पट्टी मुळात लावलीच नसती. पण नियम असा दिवस पाहूनच केलेला असतो, ऋतुजा. आवडत्या माणसाचं गुपित सगळेच ठेवतात. ज्याचं तोंड पाहवत नाही त्याचं ठेवायचं, म्हणून तर नियम लागतो."

"काढून टाकाल मला?"

"स्वतःहून आलीस म्हणून नाही. पण आतापर्यंतचे सगळे पेशंट गेले. पुन्हा एकपासून, तेही संक्रांतीनंतर. आणि ज्याची गोष्ट बाहेर गेली, त्या माणसाला ते तू सांगायचं. तोंडाने. माझ्यासमोर."

"मी? मी तिची माफी मागू?" ऋतुजा ओरडलीच.

"हो. तू."

सोमवारी देवकीकाकू आल्या. ऋतुजाने मास्क काढला.

"काकू, तुमच्या डागांची गोष्ट मी घरी माझ्या आईला सांगितली. मी शब्द मोडला. माझं चुकलं, माफ करा." प्रत्येक शब्द कडू औषधासारखा बाहेर आला.

"काय?" देवकीकाकू ताडकन उठल्या. "बोलली ना मी कोनाले सांगू नको म्हणून! असे लोक ठेवता का तुम्ही इथं, मॅडम? मी तक्रार करीन! कोन हाय तुही माय?"

"मैनाबाई. तुमच्याकडे मालिशला यायची. जिचा पाट तुम्ही फिनाईलने धुतला."

देवकीकाकूंची हनुवटी खाली आली. त्या हळूहळू टेबलाच्या कडेवर टेकल्या.

"मैना," त्या पुटपुटल्या. "माह्या नातीले तिनंच न्हाऊ-माखू घातलं... चार वर्ष झाले मले हे निघालं. पहिले वाटलं, तिचंच लागलं. डॉक्टर म्हणे, वेड्या आहात का, हे कोनाचं कोनाले लागत नाही."

"चार वर्षं!" ऋतुजा पुढे झाली. "चार वर्षं तुम्हाला माहीत होतं की माझ्या आईचा काही दोष नव्हता? आणि तुम्ही गप्प राहिलात?"

देवकीकाकूंनी तक्रार केली नाही. जाताना फक्त विचारलं, "भेटन का ती मले?"

मैनाबाईचा निरोप छोटा होता. "मी महालात येत नाही म्हणा. तिले यायचं तं वाडीले ये म्हणा."

गुरुवारी दुपारी देवकीकाकूंची गाडी अमरावती रोडलाच अडकली. ट्रकांच्या रांगेतून, धूळ खात, पदराने तोंड झाकून त्या चालत आल्या. मैनाबाईने त्यांना पोत्यांच्या गठ्ठ्यावर बसवलं. पाणी दिलं. त्यांनी प्याला हातात धरून ठेवला आणि मग पिऊन टाकला, एका दमात.

"खांदा कसा हाय?"

"वर होत नाही."

मैनाबाईने तेलाची वाटी घेतली आणि पोरीकडून ऐकलेला प्रश्न विचारला. "हात लावू का?"

पांढरे हात हवेत थांबले. बाहेर ट्रक मागे घेणाऱ्याचा आवाज येत होता, "आने दो, आने दो!" मैनाबाई थांबून राहिली. मिनिट गेलं असेल. हात मागेही आले नाहीत, पुढेही गेले नाहीत.

"लावा, मैनाबाई," देवकीकाकू म्हणाल्या, आणि रडू लागल्या.

"रडू नका, खांदा कडक होते." अंगठ्याने गाठ अचूक शोधली. "आन ऐका. म्या माफ नाही केलं. दुखते म्हणून हात लावून राहिली."

"मंग मी काय करू? सांग तू."

"जिथं बोलल्या तिथंच बोला. तेवढ्याच बायांसमोर."

"नातीचं लग्न हाय वं."

"माही पोरगी दहा वर्षाची होती."

मैनाबाईने पुन्हा वाटीत बोटं बुडवली. मालिश पूर्ण झाली.

जानेवारीत देवकीकाकूंनी महालात आपल्या घरी हळदीकुंकू ठेवलं आणि मैनाबाईला बोलावलं. मैनाबाई दारात उभी राहिली तेव्हा बायांची कुजबुज थांबली. देवकीकाकूंनी स्वतः पाट मांडला, तिला बसवलं, हळदीकुंकू लावलं. मग सगळ्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "याच ठिकानी मी बोलली होती का हिचं कोड लागते. मी खोटं बोलली. हे लागत नाही. लागत असतं तं माही नात सगळ्यात पहिले पांढरी झाली असती. अन् मलेही कोड हाय, चार वर्षापासून. हिच्यामुळं नाही, आपोआप आलेलं. झाकून ठेवलं, कारण तुम्ही काय बोलसान ते मले मालूम होतं. मीच शिकवलं होतं ना तुम्हाले!"

दोन बाया वाण न घेताच उठून गेल्या. नूपुरची आई मात्र बसून राहिली, आणि जन्मात पहिल्यांदा तिला बोलायला काही सुचलं नाही. नातीच्या होणाऱ्या सासरकडून आठ दिवस फोन आला नाही. नवव्या दिवशी नातीनेच फोन केला आणि स्पष्ट विचारलं, "आजीच्या पाठीमुळे अडत असेल तर आत्ताच सांगा." पुढचं त्यांच्यात ठरेल.

हळदीकुंकवाच्या त्या दिवशी निघताना कोपऱ्यातली एक तरुण सून पाच महिन्यांचं बाळ घेऊन पुढे आली. "मावशी, याची मान धरत नाही अजून. पाहता का?"

मैनाबाईने हात पुढे केले आणि तिथेच थांबवले. "हात लावू का?"

"लावा ना मावशी!"

ऋतुजा दाराशी उभी होती. बदला घ्यायचा म्हणून अकरा वर्षं ती ज्या दिवसाची वाट पाहत होती, तो हाच होता. फक्त तो तिने ठरवला होता तसा आला नव्हता. सोमवारी तिने नवा फॉर्म घेतला. पेशंट क्रमांक एक. शनिवारसाठी नावावर पट्टी लावली आणि चारी कडा अंगठ्याने नीट दाबल्या.

बंधू-भगिनींनो, कोड हा स्पर्शाने पसरणारा रोग नाही, ते कुणाचं पाप नाही, आणि ते कुणाला दूर लोटण्याचं कारण तर मुळीच नाही. पसरते ती आपल्या जिभेवरची अफवा. तुमच्यावर अन्याय झाला असेल तर जरूर भांडा, जाब विचारा, जिथे अपमान झाला तिथेच मान परत मागा! पण ज्या लाजेच्या काठीने तुम्हाला मारलं, तीच उचलून दुसऱ्याला मारू नका. ती काठी मोडून टाका. आणि तुमच्या घरी जी बाई लेकरांना तेल लावून गेली, तिचं नाव आठवतं का ते आज घरात विचारून पाहा.