मी प्रश्नपेटी, मोठ्या सरांची वैरीण

मी प्रश्नपेटी बोलतेय. हो, तीच. शाळेच्या ऑफिसबाहेर टेबलावर असायची ना, ती. गोडगोड ऐकायचं असेल तर आत्ताच उठा. ज्याने माझं वाटोळं केलं त्याला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. शेवटी माझं मन विरघळेल म्हणून वाट बघत बसाल, तर फसाल.

माझा जन्म एका पाहुण्यामुळे झाला. ते मोठे शास्त्रज्ञ. पुढे देशाचा कारभारही पाहू लागले, पण कुठल्याही गावी गेले की आधी शाळा कुठे आहे ते विचारायचे. मुलं त्यांना शास्त्रज्ञ आजोबा म्हणायची. आमच्या शाळेत त्यांच्यासाठी मखमली खुर्ची मांडली होती. तिच्याकडे ढुंकूनही न बघता ते प्रयोगशाळेत शिरले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "हं, विचारा काय विचारायचं ते." मुलांनी त्यांना अगदी भंडावून सोडलं. दोन प्रश्नांना त्यांनी सरळ "मला नाही बाबा येत" असं उत्तर दिलं. निघताना म्हणाले, "माझ्या वाढदिवसाला हारतुरे नकोत. एक पेटी करा. वर्षभर मुलांनी तिच्यात प्रश्न टाकावेत आणि त्या दिवशी मोठ्यांनी सगळ्यांसमोर उत्तरं द्यावीत."

त्यांचा वाढदिवस म्हणजेच आमचा विद्यार्थी दिन. तर त्यासाठी सुतारमामांनी मला घडवलं. शाळेचे बाक दुरुस्त करायचे ते. हात चोख, पण कमालीचे विसरभोळे. आधी पातळ फळीचा तळ ठोकला. मग तो लेचापेचा वाटला म्हणून त्याच्या दोन बोटं खाली जाड फळी ठोकली, आणि वरची काढायची राहूनच गेली. कोणीतरी दाखवून दिलं तर म्हणाले, "राहू दे की! दोन तळ, दुप्पट मजबुती." वरती चिठ्ठी टाकायची फट, पुढे कुलूप, झाले मी तयार.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. मग शास्त्रज्ञ आजोबा वारले, आणि त्याच सुमारास आमच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून हा आला. सगळे त्याला मोठे सर म्हणतात. मी मात्र अहोजाहो करणार नाही.

याने विद्यार्थी दिनाचा थाट वाढवला. कमानी आल्या, लाल गालिचे आले, फलक आले. दर वर्षी आजोबांचा आदल्या वर्षीपेक्षा मोठा फोटो आला. आणि आदल्या दिवशी दुपारी मला ऑफिसात नेऊन, दार लावून, उघडायची पद्धत सुरू झाली.

"सर, हा प्रश्न ठीक वाटतोय," कारकूनकाका एकदा म्हणाले. "प्रयोगशाळा कधी उघडणार, असं विचारलंय."

"फाडा."

"पण सर, उत्तर सोपं आहे. किल्ली तर तुमच्याच—"

"फाडा म्हटलं ना!"

सगळ्याच चिठ्ठ्या फाडल्या. मग कारकूनकाकांनी बारा नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. यशाचं रहस्य काय? थोर माणसांकडून काय शिकावं? अक्षर मुलांचं वाटावं म्हणून बिचारे डाव्या हाताने लिहायचे. दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर हा मला डोक्यावर उचलून गदागदा हलवायचा. "बघा हं, कुठेही लबाडी नाही!" असं म्हणायचा, एकेक चिठ्ठी काढायचा आणि पाठ केलेली उत्तरं द्यायचा. टाळ्यांचा नुसता कडकडाट. बाई, बाई, काय तो आव!

पण याला एक गोष्ट माहीत नव्हती. माझा वरचा तळ उन्हाने आक्रसला होता आणि कडेला चीर पडली होती. ज्या मुलाला भीती वाटते ते चिठ्ठी घडीवर घडी घालून दाबून अगदी नखाएवढी चपटी करतं. कोणी पाहू नये, अक्षर ओळखू नये म्हणून. साधे प्रश्न नुसते दुमडलेले असायचे, ते वर राहायचे. घाबरलेले प्रश्न चिरेतून खाली सरकायचे आणि दोन तळांच्या मध्ये जाऊन बसायचे. मी त्यांतला एकही बाहेर येऊ दिला नाही. वर्षानुवर्षं पोटात दाबून ठेवले.

त्यांत सर्वांत जास्त चिठ्ठ्या भुंग्याच्या होत्या. ही मुलगी सतत प्रश्न विचारून शिक्षकांच्या डोक्याला भुंगा लावायची, म्हणून तिचं नाव भुंगा पडलं. तिचीही त्याला हरकत नव्हती. तीन वर्षं तिने एकच प्रश्न टाकला. प्रयोगशाळेला कुलूप का आहे? कोणी उत्तर दिलं नाही. तिचा एकही प्रयोग झाला नाही, पण गुणपत्रिकेत मात्र प्रयोगाचे वीसपैकी वीस आले. सगळ्यांनाच यायचे. शाळेचा निकाल चांगला दिसायला हवा ना!

मग भुंगा विज्ञानाच्या महाविद्यालयात प्रवेशाला गेली. तिथे हातात काचेची नळी देऊन प्रयोग करायला सांगतात. ती नळी हातात धरून नुसती उभी राहिली. प्रवेश हुकला, वर्ष गेलं.

तिची आई शिवणकाम करते. हातातलं काम टाकून ती लेकीला घेऊन शाळेत आली. माझ्या टेबलाशीच उभी होती.

"सर, वीसपैकी वीस तुम्हीच दिलेत ना? मग हिला साधी नळी धरता कशी येत नाही?"

"घाबरली असेल हो," हा म्हणाला. "मुलींना सवय नसते या गोष्टींची."

"सवय लागायला दार तरी उघडं हवं," भुंगा म्हणाली.

हा हसला. हसला हो! "तोंड फार चालतं हिचं. असू दे. पुढच्या वर्षी बघू. आणि बाई, विद्यार्थी दिनाला चांगल्या गुणांबद्दल हिचा सत्कार आहे बरं का. चांगली साडी नेसून या."

माझ्या लाकडाला तेव्हा आग लागली असती तर बरं झालं असतं. एका मुलीचं वर्ष बुडवायचं, आणि वर तिच्याच गळ्यात हार घालून आपली कॉलर ताठ करायची! मी मनाशी म्हटलं, थांब मेल्या. आता तुझी आणि माझी गाठ आहे.

पेटी काय करू शकते, म्हणाल. पेटी अंग टाकू शकते. माझ्या खालच्या फळीचे खिळे गंजले होते. इतकी वर्षं मी त्यांना दात आवळून धरून ठेवलं होतं. आता सोडून द्यायचं, बस्स.

विद्यार्थी दिन उजाडला. शिक्षण खात्याच्या बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. सत्काराचे विद्यार्थी मागे रांगेत, त्यांत भुंगा. आई समोर पहिल्या ओळीत, रोजच्याच साडीत. याने मला डोक्यावर उचललं. "बघा हं, कुठेही लबाडी—"

मी अंग टाकलं.

फळी त्याच्या टकलावर आदळली, वरचा पातळ तळही निखळला आणि पाठोपाठ चिठ्ठ्यांचा पाऊस. डोक्यावर, कोटात, पाहुण्याबाईंच्या मांडीवर. मुलं आधी हसली. मग भुंग्याने पायाशी पडलेली एक चिठ्ठी उचलून उलगडली. तिचं स्वतःचंच अक्षर होतं. तिने माईक ओढला.

"प्रयोगशाळेला कुलूप का आहे?" तिने दुसरी उचलली. "प्रयोग केला नाही तरी गुण कसे मिळतात?" तिसरी. "मोठे सर, तुम्ही आमच्या चिठ्ठ्या फाडता का?"



"पुरे! हा सगळा कारकुनाचा उद्योग आहे," हा ओरडला. "चिठ्ठ्या तोच लिहितो!"

तेव्हा कारकूनकाका उठले. आयुष्यात पहिल्यांदाच असतील. "हो, लिहितो. डाव्या हाताने. तुम्ही सांगता म्हणून." आणि बसले नाहीत, तसेच उभे राहिले.

पाहुण्याबाईंनी फक्त हात पुढे केला. "किल्ली."

प्रयोगशाळेचं दार उघडलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. कमानी, गालिचे, फलक, आणि आजोबांचे एकावर एक रचलेले सगळे फोटो. विद्यार्थी दिनाचं सामान ठेवायला जागा हवी, म्हणून याने मुलांची प्रयोगशाळा बंद केली होती. बाकी काही कारण नव्हतं. भुंग्याची आई दारातच उभी राहिली. "एवढ्यासाठी?" म्हणाली. "एवढ्यासाठी माझ्या पोरीचं वर्ष घालवलंत?" हा खाली मान घालून उभा होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कोणाला मी दुष्ट वाटले तर खुशाल वाटू दे.

चौकशी झाली. याची बदली झाली, नुसती बदली. जायच्या दिवशी प्रयोगशाळेच्या दाराशी आला. भुंगा आता रोज दुपारी तिथे सराव करते. मी तिथेच कोपऱ्यात पडलेले असते. हा म्हणाला, "झालं गेलं विसरून जा, बाळ."

भुंग्याने हातातली नळी आधी नीट स्टँडला लावली. मग म्हणाली, "माझं वर्ष परत द्या सर, मग विसरते."

तो वळला आणि गेला.

आता माझं काय उरलंय? चार बाजू आणि एक झाकण. सुतारमामा तळ बसवायला आले होते, मुलांनीच नको म्हटलं, आता ती तोंडानेच विचारतात. मला दुःख नाही. पण मी गप्पही बसू शकत नाही, कारण तो आता दुसऱ्या एका शाळेत मोठा सर झालाय. तिथेही विद्यार्थी दिन होतो. परवाच कानावर आलं, तिथल्या ऑफिसबाहेर त्याने एक नवी कोरी पेटी ठेवलीय. एकाच तळाची, चांगली घट्ट.

त्या शाळेतल्या मुलांनो, तुमच्यासाठी हा सगळा घसा फोडला मी. त्याच्या पेटीत चिठ्ठी टाकू नका. उभे राहा, त्याच्या डोळ्यांत बघा आणि तोंडाने विचारा. तो दरडावेल, हसेल, बाळ म्हणेल. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.