सीताराम ऑरेंज, बिनसाखरेचं

बाटलीवर आमच्या ह्यांचं नाव आहे. सीताराम ऑरेंज, संत्र्याचा सोडा. मंडईमागच्या कारखान्यात हे स्वतः संत्र्याच्या साली बोटांत चुरून वास घ्यायचे आणि मगच पाक ओतू द्यायचे. परदेशी कंपन्या आल्या तेव्हा एकीने कारखाना, नाव, कृती, सगळंच विकत घेतलं. तोवर ह्यांना मधुमेह जडला होता. शेवटच्या वर्षी हे गुपचूप पेला भरायचे आणि मी त्यावर तळहात ठेवायची. "पुरे आता." "अगं, एकच घोट," असं हे म्हणायचे. माझा हात काही हलायचा नाही.

हे गेल्यावर एका दुपारी कर्वेनगरच्या घरात मी बाटली उघडली. पहिला घोट घेतला आणि मागे कुणीतरी खाकरलं. सालीचा वास आला. वळून बघते तर हे खुर्चीत, बनियनवर, नेहमीसारखे. मी घाबरले नाही. स्वतःच्या नवऱ्याला काय घाबरायचं? पेला संपला तसे तेही गेले. मग रोज दुपारी बाटली उघडायची सवयच लागली.

व्हायचं तेच झालं. माझीही साखर वाढली, पायाची जखम भरेना. "गोड बंद, नाहीतर पाय जाईल," असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्याच सुमारास कंपनीची शेफाली आली. चव जुळवणं हे तिचं काम. "काकू, हिंजवडीतली मुलं दिवसभर खुर्चीत बसतात. त्यांना साखर नको, पण चव हवी. आम्ही डायट काढतोय. जाहिरातीत 'चव तीच' म्हणायचंय, तर ओरिजिनल चव ओळखणारं कुणीतरी टेस्टिंगला पाहिजे." मला देव पावल्यासारखं झालं. साखरेवाचून हे येणार असतील तर आणखी काय हवं?

रंग कळू नये म्हणून त्या खोलीत लाल दिवा असायचा. समोर घोटघोटभराचे तीन कप, दोन सारखे, जुने साखरेचे, आणि एक वेगळा, नवा बिनसाखरेचा. वेगळा ओळखायचा. दोन कपांना मागे खाकरल्याचं ऐकू यायचं, एकाला नाही. "हा," मी सांगायची. शेफाली कपाळाला हात लावायची. तिने गोडी बदलली, मागून येणारा कडवटपणा झाकायला संत्र्याचं तेल वाढवलं, साखरेविना पाणचट लागतं म्हणून डिंक घातला. बाकीच्यांना फरक कळेनासा झाला. मला कळतच राहिला.

"काकू, जीभ आहे की काय आहे तुमची?"

"जिभेचा काय संबंध?" मी म्हटलं. तिला तो टोमणा वाटला.

शेवटी तिने एक बाटली घरी दिली. "निवांत पिऊन बघा." प्याले. चव खरंच तीच होती, अगदी तीच. खुर्ची मात्र रिकामी. मला रडूच कोसळलं. उठले, साखरेचा डबा काढला आणि दोन चमचे पेल्यात टाकले. फसफसून फेस टेबलावर सांडला.

कुणीतरी खाकरलं.

हे खुर्चीत नव्हते. माझ्या शेजारी उभे होते. इतके जवळ कधी आले नव्हते. माझ्या पायाच्या पट्टीकडे बघत होते. मी पेला उचलणार, तोच त्यांनी त्यावर तळहात ठेवला. नखांत सालीचा पिवळेपणा तसाच होता.

"पुरे आता."

"अहो, एकच घोट," मी म्हटलं.

हात हलला नाही. फेस बसेपर्यंत ते होते, मग नव्हते. मी पेला मोरीत ओतला.

पुढच्या वेळी लाल दिव्याखाली पुन्हा तीन कप मांडले होते. पहिला प्याले आणि थांबले. मग दुसरा. मग तिसरा. मागे नुसती एसीची घरघर.

"काकू, वेगळा कोणता?"

"तिन्ही सारखेच," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

शेफालीने सुटकेचा निःश्वास टाकला. मी त्या लाल उजेडात मागे वळून बघत राहिले.