वायरीतली मऊ जागा

बेकरीवाल्याची गाडी दुरुस्त होऊन गेली आणि आठवडा उलटायच्या आत पुन्हा दारात आली, तेव्हा वस्ताद हातातल्या पान्यासकट गॅरेजबाहेर आला.

"नवा पार्ट टाकलात ना तुम्ही? मग ही बया पुन्हा का पेटलीय?" बेकरीवाल्यानं डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याकडे बोट केलं. "चढावर गाडी अशी रडते की पाव माझ्याआधी चालत पोचतील."

वस्ताद हसला. गोष्ट हसण्यावारी न्यायची कला त्याला चांगलीच साधली होती, आणि अलीकडे दुसरं फारसं काही साधतही नव्हतं. गाडी ठेवून बेकरीवाला गेला.

गॅरेज नवराबायको दोघांचंच. गिऱ्हाइकं, सुटे भाग आणि स्कॅनर तिच्याकडे, हत्यारं त्याच्याकडे. तिनं स्कॅनर जोडला. पडद्यावर तोच कोड: ईजीआर व्हॉल्व्हशी संपर्क तुटला. हा व्हॉल्व्ह थोडा धूर परत इंजिनात सोडतो, आणि किती सोडायचा ते गाडीचा कॉम्प्युटर त्याला दोन बारीक वायरींमधून कळवतो. नवा व्हॉल्व्ह बसवूनही कोड हटत नाही म्हणजे दोष वायरीत, हे शेंबडं पोरही सांगेल.

"मग तुम्ही व्हॉल्व्ह बदललात कशाला?" तिनं विचारलं.

"खात्री केली."

खोटं बोलला. वायरी त्यानं पहिल्याच दिवशी चाचपल्या होत्या. अशी वायर बाहेरून धडधाकट दिसते, आतलं तांबं मात्र तुटलेलं असतं. गाडी उभी असली की टोकं एकमेकांना टेकतात आणि मीटर सगळं ठीक आहे म्हणून सांगतो. गाडी हादरली की टोकं सुटतात. तुटलंय हे स्कॅनर सांगतो, नेमकं कुठे ते चिमटीत वायर धरून हलकेच ओढत जायचं. तुटल्या जागी ती रबरासारखी मऊ लागते. वस्तादाची बोटं ही जागा गप्पा मारता मारता शोधायची, त्यावरच तर लोक त्याला वस्ताद म्हणू लागले होते.

त्या दिवशी त्याच्या बोटांना काहीच लागलं नाही. मऊ नाही, कडक नाही, वायरसुद्धा नाही. साखरेनं नसा गेल्या आहेत आणि गेलेल्या परत यायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. बायकोला त्यानं त्यातलं अवाक्षर कळू दिलं नव्हतं. सायलेन्सरला हात भाजला तेव्हा "लक्ष नव्हतं" म्हणाला. ते तिला पटलं, कारण त्याचं लक्ष एरवीही नसायचं.

नवीन वायर ओढून आजची वेळ मारून नेता आली असती. पण उद्या दुसरी गाडी येणार, परवा तिसरी. आपण संपलो, असं त्याच्या मनात स्वच्छ येऊन गेलं. मग सवयीनं तो बॉनेटखाली वाकला.

बायको दिवा धरून उभी राहिली. त्यानं वायरी चिमटीत धरल्या आणि व्हॉल्व्हपासून मागे सरकत गेला, ब्रॅकेटजवळून, बॅटरीच्या खालून, पार टोकापर्यंत. पुन्हा उलटा आला. पुन्हा गेला. घाम नाकावरून टपकत होता.

"नाही इथे काही," तो म्हणाला.

दिव्याच्या आड येते म्हणून तिनं दोन बोटांनी एक वायर बाजूला केली, आणि थांबली.

"अहो, ही इथे मऊ लागतेय."

तिनं हलकेच ओढलं. कव्हर ताणलं गेलं. मघापासून त्याची बोटं त्याच जागेवरून जात-येत होती.

"हां, तीच," तो घाईनं म्हणाला. "मला वाटलंच होतं. कटर दे."

तिनं कटर दिला नाही. दिवा खाली ठेवला. त्याचा हात धरून बॉनेटखालच्या पत्र्यावर पालथा टेकवला आणि फडक्यानं ग्रीस पुसलं.

"डोळे मिटा."

"आता हा काय पोरखेळ?"

"मिटा म्हणते ना."

त्यानं मिटले. इतकी वर्षं संसार केला, पण तिची एवढी भीती त्याला कधी वाटली नव्हती.

"कुठलं बोट धरलंय मी?"

त्यानं सगळा जीव हातात आणला. हात कुठे आहे तेच नीट समजेना. पण गप्प बसलो तर मेलोच, असं वाटून त्यानं ठासून सांगितलं, "मधलं."

"बरोबर ना?" तो म्हणाला. "अगं, उगाच घाबरतेस तू. विचार अजून."

"आता?" तिनं विचारलं.

"करंगळी. आणि जरा जोरात दाबतेयस."

मग त्यानं डोळे उघडले. ती दोन पावलं लांब उभी होती, दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून. तिनं एकदाही त्याचं बोट धरलं नव्हतं.