गोजरबाईच्या पदरातली लाइन

मित्रांनो, मला हात लावता येत नाही, मला रंग नाही, वास नाही, आणि मला माळ्यावर टाकून कोणाला विसरताही येत नाही. तरी आज सकाळपासून तुम्ही मला चार-पाच वेळा तरी तोंडात घोळवलं असेल. मी एक शब्द आहे. जुना, परमुलखातून आलेला आणि पायाला भिंगरी लागलेला. माझं नाव लाइन.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. तिकडे फार पूर्वी मी जवसाच्या धाग्याची साधी दोरी होते. दोरी ताणली की सरळ रेघ दिसते, म्हणून लोक रेघेलाही माझंच नाव देऊ लागले. मग काय, रेघेसारखं जे जे दिसेल ते ते माझ्या गळ्यात. माणसांची रांग मी, कवितेची ओळ मी, पोलिसांची चाळ मी आणि आगगाडीचा रस्ताही मीच. साहेब आला तसा मला इकडे घेऊन आला. जाताना मला न्यायचं मात्र विसरला. तेव्हापासून मी दारोदार हिंडते आहे. एका जागी बूड टेकेल तर शपथ.

नव्वदच्या दशकात माझा मुक्काम बराच काळ निमगाव साव्यात होता. तिथे सोपान नावाचा एक शेतकरी होता. टोमॅटो करायचा आणि लग्नसराईत मंडप आणि स्पीकर भाड्याने द्यायचा. गडी मनाने मोकळा आणि हाताने खटपट्या, पण त्याच्या जिभेला म्हणून विसावा नाही, आणि त्यामुळे मलाही नाही. सकाळी उठला की पहिला प्रश्न, लायन हाय का? म्हणजे वीज. शेतात गेला की नदीवरून आणलेली लायन फुटली, म्हणजे पाण्याचा पाइप. नारायणगावच्या बूथवरून पुण्याच्या व्यापाऱ्याला फोन लावला की लायन बिझी. चतुर्थीला ओझरला गेला की मध्ये घुसणाऱ्यावर डाफरायचा, लायनीत या. भाचा कॉलेजच्या रस्त्यावर गॉगल लावून उभा दिसला की कोणावर लायन मारतोस, आणि घरी आल्यावर तुला लायनीवर आणतो म्हणून दम. मुलगी वृषाली बारावी झाली तेव्हा तर अख्खं घर एकच प्रश्न चघळत होतं, पोरीला कुठल्या लायनीला घालायची? शेवटी ती डीएडच्या लायनीला गेली आणि मी पुन्हा पाइपात शिरले.

मला धाप लागायची. आत्ता तारेत, आत्ता पाइपात, आत्ता गणपतीच्या दारात. सगळ्यांच्या तोंडी असणं मानाचं असतं, मी नाही म्हणत नाही. पण तोंडी असणं वेगळं आणि मनात असणं वेगळं. मला कोणी उच्चारलं की बोलणारा माझ्याकडे बघतच नसे, त्याचं लक्ष मोटरीकडे, बाजारभावाकडे, नाहीतर दर्शनाकडे. अशा वेळी मला आपली जुनी दोरी आठवायची. दोरीच्या दोन टोकांना निदान दोन माणसं तरी असतात.

निमगावात आणखी एक रीत होती आणि तिच्यामुळेच पुढचं सगळं घडलं. शिवारात वीज वाटणारा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला आणि त्याच्या पेटीला सगळे डीपी म्हणतात. डीपीच्या पेटीत फ्यूज नसला, की तो जळला असेल किंवा कोणी आपल्या मोटरीसाठी पळवला असेल, असंच तिथे धरून चालायचे. मग वायरमनची वाट कोण बघतो? जो तो खिशातून तांब्याच्या तारेचा तुकडा काढायचा, रिकाम्या जागेत पकडीने बसवायचा आणि मोटर चालू करायचा. खिशात तार नाही तो बागायतदार कसला, असं सोपान हसत म्हणायचा. बोटाला चटका बसला तर फुंकर मारून कामाला लागायचा.

पुढे एका उन्हाळ्यात घाटघरच्या रामनाथने मुलीच्या लग्नासाठी सोपानचा स्पीकर ठरवला. टेम्पो जुन्नर सोडून डोंगराला लागला आणि सोपानच्या तोंडात बसून मीही वर चढले. खरं सांगायचं तर घाटघरला मी आधीच पोचलेली होते. वीज आली त्याच दिवशी मी तिथे आले. पण तिथे मला एकच काम. तिथे ना कॉलेजचा रस्ता, ना नदीवरून आणलेले पाइप. नाणेघाटाकडून वारा सुटायचा, तार तुटायची आणि माणसं बहिरूच्या दारात उभी राहायची. बहिरू हा तिथला वायरमन. 'बहिरूभाऊ, लायन गेली,' एवढंच म्हणायची, आणि बहिरू ताटावरून उठायचा.

त्याची बायको गोजरबाई मात्र माझं नाव कधीच घेत नसे. नवऱ्याचंही नाव ती घेत नसे, पण ते मानापोटी. माझं टाळायची ते रागापोटी. लोक दारात दिसले की ती चुलीकडे तोंड करून म्हणायची, 'गेली का ती मेली?' सवत परवडली, असं तिने मला करून टाकलं होतं. मी रुसले, पण तिचं काय चुकत होतं? काही वर्षांपूर्वी बहिरू तारेवर असताना खाली कोणीतरी घाईने फ्यूज बसवला होता. बहिरू वाचला, पण त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं आजही सरळ होत नाहीत.

तेव्हापासून त्या घराने एक नेम धरला. बहिरू खांबावर जाण्याआधी डीपीतले तिन्ही फ्यूज काढायचा आणि गोजरबाईच्या पदरात बांधायचा. मग ती डीपीखाली बसून राहायची. ऊन असो, वारा असो, लोक हसोत. काम संपवून तो परत यायचा आणि स्वतःच्या हाताने ती गाठ सोडायचा. दुसऱ्या कोणी सोडायची नाही, तिनेही नाही. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. घाटघरला डीपी रिकामी दिसली की तिचा अर्थ एकच होता, आणि तो निमगावच्या अर्थापेक्षा फार वेगळा होता.

लग्नाच्या दिवशी सकाळीच वाऱ्याने हिरड्याची मोठी फांदी तारेवर कोसळली. बहिरू फ्यूज बांधून टेकाडापलीकडे गेला आणि गोजरबाई नव्या लुगड्यातच डीपीखाली बसली. दुपार झाली. वऱ्हाड येऊन बसलं. विहिरीवरची मोटर बंद, म्हणून पिण्याचं पाणी संपत आलेलं. रामनाथचा जीव खालीवर होत होता. वरपक्षाकडची माणसं कुजबुजू लागली होती आणि मुहूर्त काही कोणासाठी थांबत नाही. तेवढ्यात त्याचा मेहुणा टेकाडावरून आला आणि बहिरूला खांबावरून उतरताना आपण स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, असं छातीठोकपणे सांगू लागला.

सगळे डीपीकडे धावले. रामनाथने गोजरबाईला हात जोडले. बहिरू उतरला आहे, रस्त्यातच असेल, गाठ सोड, पोरीच्या लग्नात पाण्यावाचून शोभा नको. गोजरबाई नुसती नकाराची मान हलवत होती. रामनाथ तिचा नात्याने दीर लागत होता, त्याच्या मुलीला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पदर तिने मुठीत आणखी आवळला. मेहुणा चिडून म्हणाला, अडाणी बाईच्या नादी काय लागता?

त्यात सोपान पुढे झाला. भांडण मिटवावं म्हणूनच झाला, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. खिशातून तार काढली, पकड काढली आणि मोठ्या समजुतीने बोलू लागला.

'वैनी, तुमचे फ्यूज ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. आमच्याकडं हे रोजचंच हाय. मी तार टाकतो, बहिरूभाऊ आलं की काढू.'

मी त्याच्या जिभेवरच बसले होते. तो माझ्याबद्दल बोलत होता आणि मला ओरडता येत नव्हतं. शब्दाचं दुःख हेच, मित्रांनो. कोणी उच्चारल्याशिवाय आम्हाला तोंड नसतं. पकड पेटीपाशी गेली. गोजरबाई उठली, पेटीला पाठ लावून उभी राहिली. सोपानचा हात तिच्या खांद्याजवळ थबकला. आणि जिने इतकी वर्षं माझा विटाळ मानला, तिने मला जवळ केलं.

'पावणं, हात मागं घ्या. लायनीवर माझा माणूस हाय.'

आवाज चढवला नव्हता तिने. पण मी आजवर हजारो तोंडांतून गेले, अशी कधी गेले नव्हते. त्या एका वाक्यात वीज नव्हती, पाइप नव्हता, रांग नव्हती. दोरी होती. एक टोक टेकाडापलीकडे आणि एक टोक तिच्या मुठीत. माझ्या अंगावर काटा आला म्हणाले तर तुम्ही हसाल, शब्दाला अंग कुठलं?

सोपानने हात मागे घेतला. का कोण जाणे, तो तडक टेकाडावर चढला आणि वर जाऊन नुसता उभा राहिला. मेहुणा खोटं बोलला नव्हता. बहिरू एका खांबावरून उतरला होता खरा, आणि लगेच पुढच्या खांबावर चढला होता. कमरेला पट्टा लावून, दोन्ही हातांनी तार ओढून तो गाठ मारत होता. सोपान खाली आला आणि त्याने पकड खिशात कोंबली. मला पाणी द्या, असं तो म्हणाला, आणि पाणी तर कोणाकडेच नव्हतं.

मंगलाष्टकं लोकांनी गळ्याने म्हटली. पाणी बायकांनी विहिरीवरून शेंदून आणलं आणि लग्न लागलं. सूर्य कलताना बहिरू आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. वाकड्या बोटांनी गाठ सोडता सोडता तो बायकोला म्हणाला, 'लई घट्ट मारलीस गं आज.' फ्यूज त्याने पेटीत बसवले. मग मांडवात दिवे लागले, सोपानचा स्पीकर घरघरला आणि लोक एकदम ओरडले, लायन आली. मी मात्र त्या पदरात आधीपासूनच होते.

त्यानंतर मी सोपानच्या तोंडून निमगावला परत गेले. तो तसाच बडबड्या राहिला, पण एक खोड नवी लागली. डीपीत फ्यूज नसला की खिशातल्या तारेला हात लावण्याआधी तो शिवाराकडे तोंड करून हाक मारायचा, 'लायनीवर कोन हाय का?' लोक टिंगल करायचे, सोपान घाटघरचा मंतर शिकून आला म्हणायचे. पुढे पुढे तर तो खिशात तारही ठेवीनासा झाला. एके दिवशी त्याने अशीच हाक मारली आणि उसाच्या पलीकडून, उंचावरून आवाज आला, 'हाय राव, थांब जरा.' त्या दिवसापासून टिंगल बंद झाली.

आता मी म्हातारी झाले. बूथ बंद पडले आणि तिथे रेंज नावाची नवी पोर मिरवते. मुलं कुठल्या लाइनला घालायची हे विचारणारे आता फील्ड म्हणतात. म्हणू देत. माझं माझ्यापाशी उरलेलं काम मला पुरेसं आहे.

तेवढं एक सांभाळा, मित्रांनो. पुढच्या वेळी अंधार होईल, पंखा थांबेल, टीव्ही ऐन रंगात असताना बंद पडेल आणि तुम्ही वैतागून विचाराल, लाइन कधी येणार? आधी हे विचारा की लाइनीवर कोण आहे. तो उतरेपर्यंत कुठेतरी एक बाई पदर मुठीत धरून बसली असेल. गाठ त्यालाच सोडू द्या.