बारा आणि तेराच्या मधे

फिरमिनने फिल्मचा रोल काउंटरवर ठेवला आणि त्यावर हात तसाच धरून ठेवला.

"नादीन, पोरी, हा तूच कापायचा. दुसऱ्या कुणी हात लावला तर मी इथेच जमिनीवर बसून रडेन."

"बसाल हो खाली, पण उठवणार कोण तुम्हाला?" नादीन म्हणाली. "आणि इथे माझ्याशिवाय कापतंय कोण?"

ते खरंच होतं. ओस्टेंडच्या त्या फोटोच्या दुकानात फिल्म धुवायचं काम मालकीण यॉरिंडं करायची, आणि धुतलेली फिल्म कापायचं काम गेली तीस वर्षं नादीनचं. मधे एक काळ असा आला होता की दिवसाला दोन रोलसुद्धा येईनात, आणि नादीन नुसती काचा पुसत बसायची. आता पुन्हा तरुण पोरांना फिल्मचं वेड लागलंय. येतात बिचारी, अर्ध्यांना रोल कॅमेऱ्यातून बाहेर काढता येत नाही, पण येतात.

फिरमिन मात्र जुना गडी. सगळी नोकरी किनाऱ्यावरची ट्राम चालवण्यात गेली आणि निवृत्त झाल्यापासून कॅमेरा गळ्यात. नादीनच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचा. ती इमारत आता पाडणार होते. तळमजल्याच्या वर सहा मजले, रस्त्याच्या अंगाला दर मजल्यावर सहा स्वयंपाकघरं, म्हणजे सहा सहा खिडक्या. माणसं सामान बांधायला लागली होती. तेव्हा या म्हाताऱ्याच्या डोक्यात आलं की जायच्या आधी सगळ्यांना एका कागदावर आणायचं. रविवारी सकाळी समोरच्या फुटपाथवर कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं लावून त्याने एकेक खिडकी वेगळी टिपली. वरच्या मजल्यापासून सुरुवात, डावीकडून उजवीकडे, मग खालचा मजला, पुन्हा डावीकडून. फिल्म सहा सहा फोटोंच्या पट्ट्यांत कापली आणि पट्ट्या एकीखाली एक लावून एका कागदावर छापल्या, की अख्खी इमारत उभी राहणार, खिडकीखिडकीत माणूस घेऊन. शुक्रवारी निरोपाची कॉफी होती, तेव्हा खाली दारात लावायचा होता तो कागद.

"एक भानगड आहे," फिरमिन हळूच म्हणाला. "पहिला फोटो माझ्या बुटाचा आहे."

"बुटाचा?"

"रोल घालताना सुरुवातीचा तुकडा वाया जातो ना. मला नाही बघवत. मी त्यात पण एक काढून घेतो."

"चिक्कू कुठले!"

"म्हण काय म्हणायचं ते. पण बूट आधी वेगळा काप, आणि मग मोज सहा. बुटापासून मोजलंस तर सगळी इमारत एकेक खिडकी सरकेल."

नादीनने मान हलवली. तिला त्या रोलची काळजी वेगळीच होती. त्यात तिची बहीण होती.

रोझिता तिच्याहून चार वर्षांनी धाकटी. नादीन पाचव्या मजल्यावर अगदी उजव्या टोकाला राहायची आणि रोझिता चौथ्यावर अगदी डाव्या. लग्न होऊन दोघी याच इमारतीत आल्या, तेव्हा मिळतील त्या खोल्या घेतल्या होत्या, आणि वीस पावलं जास्त पडतात म्हणून कुरकुरायच्या. पुढे आई म्हातारी झाली, नादीनकडे राहायला आली. आठ वर्षं राहिली. शेवटी तिला अंथरुणातून उचलणं होईना, तेव्हा नादीनने तिला वृद्धांच्या दवाखान्यात ठेवलं, आणि महिना पुरा व्हायच्या आत आई गेली. दफनानंतर सगळे नातेवाईक कॉफी आणि पावरोट्या घेऊन बसलेले असताना रोझिता सगळ्यांसमोर म्हणाली होती, "घरातून काढलं नसतं तर जगली असती आई."

बस्स. नादीनने कप खाली ठेवला आणि ती उठून गेली. त्याला चार वर्षं झाली. नंतर दोनदा रोझिताने दार वाजवलं होतं, एकदा तर कोळंबीचं सूप घेऊन आली होती. नादीन दाराच्या आतल्या बाजूला श्वास रोखून उभी राहिली, पण कडी काढली नाही. जिन्यात समोर आली तर दोघी भिंतीकडे बघत जायच्या. आणि आता शनिवारी रोझिता देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, गेंकला, लेकाकडे कायमची जाणार होती. म्हणजे बोलायचं असेल तर चार दिवस उरले होते. नादीनला बोलायचं होतं का? विचारलं असतंत तर म्हणाली असती, छे, मला काय पडलंय. पण रात्री झोप लागत नव्हती, ते कशाने?

दुसऱ्या दिवशी दुपारी फिल्म वाळून तयार झाली. नादीनने सुती हातमोजे घातले, कटरचा दिवा लावला.

फिल्म कापण्यात काय मोठं, असं लोकांना वाटतं. वाटू दे. कटर म्हणजे हातभर लांब पेटी, वर दुधी काच, आत दिवा, फिल्म सरकवायला एक खाच, आणि टोकाला पातं. तळव्याने दाबलं की पातं खाली येतं. दोन फोटोंच्या मधे काडीच्या जाडीएवढी कोरी जागा असते, पातं तिथेच पडायला हवं. जरा चुकलं की कुणाच्या तरी लग्नातला नवरा अर्धा होतो, आणि मग कितीही रडा, तो पुरा होत नाही. कागदावरचा फोटो पुन्हा काढता येतो. निगेटिव्ह एकच असते.

काठावरचे बारीक आकडे सुलटे दिसतील अशी तिने फिल्म धरली आणि दिव्यावरून सरकवली. निगेटिव्हमधे तोंडं काळी, केस पांढरे. पण इतक्या वर्षांत नादीनच्या डोळ्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. बूट आला. मग सहाव्या मजल्यावरची मंडळी आली. कोपऱ्यातल्या आलिडाबाई कॅनरीचा पिंजरा दोन्ही हातांनी उंच धरून उभ्या. पाचवा मजला आला. त्याच्या शेवटी, बूट सोडून बाराव्या चौकटीत, ती स्वतः. ताठ उभी, पासपोर्टच्या फोटोला उभी असल्यासारखी.

आणि तिच्या लगेच शेजारी, तेराव्यात, रोझिता.

नादीन दचकलीच. इमारतीत ज्यांच्यामधे अख्खा मजला पडायचा, त्या दोघी फिल्मवर खांद्याला खांदा लावून होत्या. साहजिकच होतं म्हणा. एक मजला जिथे संपतो तिथूनच पुढचा सुरू होणार. पण हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तिने डोळ्याला भिंग लावलं.

बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. रोझिता नव्हती बघत. खिडकीतून अर्धी बाहेर वाकली होती आणि मान उजवीकडे वळवली होती. नादीन डावीकडे, आणि ही बया तोंड फिरवून उजवीकडे!

रविवारचं आठवलं. नादीनचा फोटो झाल्यावर खालून फिरमिन ओरडला होता, "रोझिता, इकडे बघ गं! इकडे!" एकदा नाही, दोनदा. ते नाव ऐकून नादीनने खिडकी लावून घेतली होती.

'फोटोतसुद्धा माझ्याकडे पाठ,' नादीनच्या मनात आलं, आणि रागाने तिचे कान तापले. चार वर्षं तिने जिन्यात मान खाली घालून काढली होती. आईला हाकलणारी मुलगी म्हणून लोक बघतात असं वाटून तिने बाजारसुद्धा दुसऱ्या रस्त्याने केला होता. मग एकदा लोकांना हेही दिसू दे ना. बुटापासून मोजलं तर बारा आणि तेरा एकाच पट्टीत येतात. दारात टांगलेल्या कागदावर दोघी शेजारी शेजारी, एक सरळ उभी आणि दुसरी तिला पाठ दाखवून. कुणी कुणाला टाकलं, बघा म्हणावं. आणि फिरमिनने विचारलं तर दुकानाचा नियमच आहे, पहिल्या फोटोपासून सहा. विसरले म्हणायचं.

तिने बूट आणि पुढची पाच माणसं पात्याखाली सरकवली. तळवा पात्यावर ठेवला.

"काय झालं?" आतून यॉरिंडं म्हणाली. "आवाज नाही आला कटरचा. झोपलात की काय?"

"थांब गं जरा."

पात्याच्या पलीकडे आलिडाबाई होत्या, पिंजरा उंच धरून. नव्वदीच्या बाई. त्यांच्या दंडांना तो पिंजरा किती वेळ पेलला असेल कोण जाणे. बुटापासून कापलं तर बाईंची कोपऱ्यातली खिडकी जाणार, आणि त्या खालच्या मजल्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडणार. त्यांनी काय घोडं मारलं होतं? नादीनला स्वतःची लाज वाटली. बहिणीवरचा राग काढायला आपण छत्तीस घरं उचकटायला निघालो.

तिने फिल्म मागे घेतली. बूट कापून बाजूला टाकला. मग सहा मोजले आणि पातं दाबलं. पुढचे सहा सरकवले. बारा आणि तेराच्या मधली कोरी रेघ पात्याखाली आली तेव्हा तिचा हात जरा थांबला. हे कापायला जड गेलं तिला, उगाच कशाला नाही म्हणू? मग दाबलं. कट.

उरलेल्या पट्ट्या भराभर झाल्या. कागदावर घ्यायच्या आधी तिने त्या काचेच्या मोठ्या टेबलावर एकीखाली एक मांडल्या, आणि दोन पावलं मागे सरून बघितलं.

इमारत उभी होती. सहा मजले, सहा खिडक्या. पाचव्या मजल्यावर उजव्या टोकाला ती. चौथ्यावर डाव्या टोकाला रोझिता, बाहेर वाकलेली, मान उजवीकडे आणि थोडी वर.

नादीनने भिंगही घेतलं नाही. नुसतं बोट ठेवलं रोझिताच्या तोंडावर, आणि ती बघत होती त्या दिशेने काचेवरून सरकवत नेलं. सगळ्या मजल्यावरून तिरकं, वर. बोट येऊन थांबलं ते तिच्या स्वतःच्या खिडकीवर.

तिने पुन्हा करून बघितलं. पुन्हा तिथेच.

"यॉरिंडं," ती म्हणाली, "मी चालले."

"कुठे? आणि हातमोजे घालून?"

पण नादीन रस्त्यावर पोचली होती. अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं की कोटही राहिला. समुद्राकडून बोचरा वारा येत होता, पण परत फिरले तर धीर सुटेल असं तिला वाटलं. जिने चढून ती चौथ्या मजल्यावर डावीकडे वळली. रोझिताचं दार उघडंच होतं. दारात खोकी, आत खोकी, आणि मधे रोझिता दाताने चिकटपट्टी तोडत होती. नादीनला बघून ती पट्टी तशीच ओठाला चिकटून राहिली.

"फिरमिनने दोनदा हाक मारली तुला," नादीनला धाप लागली होती. "कुठे बघत होतीस?"

रोझिताने पट्टी काढली. "चार वर्षांनी आलीस, ते हे विचारायला?"

"हो. हेच."

"तुझ्याकडे. तू खिडकीत आलीस की नाही ते बघत होते. तुझा काय भरवसा? मी आहे म्हटल्यावर पडदा ओढून बसली असतीस."

"मला वाटलं, पाठ फिरवलीस."

"मी? दार कुणी नाही उघडलं? मी सूप घेऊन उभी, आत तुझ्या चपला वाजतायत, आणि दार काही उघडत नाही. परत आले आणि ओतून दिलं सगळं. एवढी महागाची कोळंबी!"

नादीनला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. "मी तिला काढलं नाही गं, रोझिता," ती म्हणाली. "मला उचलवत नव्हती ती. दोनदा माझ्या हातून पडली. तुला सांगितलं नाही. कुणालाच नाही सांगितलं."

रोझिता खोक्यावर बसली. "मला ठाऊक होतं. तिच्या कोपराला निळं झालेलं मी बघितलं होतं. तरी बोलले. मीच न्यायला हवी होती ना तिला, थोडे दिवस तरी? ते मला खात होतं, म्हणून तुझ्यावर ढकललं. चूक माझी होती, नादीन. बोलून झाल्यावर तो पाव घशाखाली उतरेना माझ्या."

नादीनने हातमोज्याने डोळे पुसले. मग खोक्यांमधून वाट काढत ती स्वयंपाकघरात गेली आणि खिडकीतून बाहेर वाकली. आपल्या खिडकीच्या बाजूला बघितलं. काही दिसलं नाही, नुसत्या भिंती आणि कुणाचे तरी वाळत घातलेले टॉवेल. आणखी वाकली. ओटा पोटाला रुतला, पाय जमिनीवरून सुटायला आले, तेव्हा कुठे वरच्या कोपऱ्यात तिच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसली.

"अगं पडशील!" रोझिताने मागून तिचा स्वेटर घट्ट धरला. "मला सवय आहे, तुला नाही."

"सवय?"

"संध्याकाळी तुझा दिवा लागला का, ते बघते. लागला की कळतं, बाई धड घरी आली." मग ती जरा तोऱ्यात म्हणाली, "आता काय, शनिवारपासून तेही नाही."

नादीन आत आली. केस वाऱ्याने विस्कटले होते, नाक लाल झालं होतं. चार वर्षं रोज संध्याकाळी तिने तो दिवा लावला होता, आणि आपल्याला विचारणारं कुणी नाही असं म्हणत एकटीने जेवली होती.

"शनिवारी गाडी किती वाजता आहे?" तिने विचारलं.

"सकाळीच. लेक येतोय गाडी घेऊन. का?"

"खोकी तिकडे उतरवायला कुणी नको?"

"तू येणार? गेंकला? आणि तुझी कंबर?"

"कंबरेचं मी बघते. गाडीत जागा आहे का, तेवढं सांग."

रोझिताने खोलीभर नजर फिरवली. सगळं बांधून झालेलं, सगळं मोजूनमापून त्या गाडीत बसवायचं ठरलेलं. तिने खिडकीजवळचं टेबल एका हाताने भिंतीकडे ढकललं.

"हे राहू दे इथेच," ती म्हणाली. "झाली जागा."