सत्त्याण्णवच्या पुढे

चुन्यात कुंचा बुडवून भागीरथा भिंतीवर हात फिरवत होती. कोळशाचे आकडे आले की कुंचा बाजूनं वळे. असं करता करता सगळी भिंत पांढरी झाली आणि मधे रीताचं गणित तेवढं राहिलं.

तिची मुलगी रीता पावसाळ्यात मेंदूच्या हिवतापानं गेली. आता घरात कोणी रडत नव्हतं. नवरा मनसाराम बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, जाळं टाकायचा, मासोळ्या आणायचा. भागीरथा त्या रांधायची. दोघं जेवायची. कधी मीठ पडलेलं नसे, तरी कोणी बोलत नसे.

दिवाळीआधी तेवढा भागही पांढरा करायचा, तर त्याआधी कोणीतरी ते गणित एकदा वाचून घ्यावं असं भागीरथेच्या मनात आलं. तिनं मंगलीला निरोप धाडला. मंगली आरमोरीच्या कॉलेजात रीताच्या वर्गात होती.

भिंतीच्या माथ्यावर दहा लाख एक हा आकडा होता. ही संख्या मूळ आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच पूर्ण भाग जात नाही का, हे रीता शोधत होती. त्यासाठी हजाराच्या आतल्या एकेका मूळ संख्येनं भागून पाहायचं. तीन, सात, अकरा. प्रत्येक भागाकाराखाली काही ना काही उरलेलं. शेवटचा भागाकार सत्त्याण्णवचा. बाकी अठ्ठावीस.

मंगली आली, तिनं सगळं वाचलं आणि खाली पडलेला कोळसा उचलला. पुढची मूळ संख्या एकशे एक. तिनं भागलं. बाकी शून्य आली. तिनं गुणून ताळा पाहिला. संख्या मूळ नव्हती. गणित इथंच संपत होतं.

दारात जाळं सांधत बसलेला मनसाराम थांबला.

"त्या सांजेले तिचं अंग तापलं होतं," तो म्हणाला. "मीच कोळसा घेतलो तिच्या हातातून. एकच करून झोपतो बाबा, म्हणे. मी करू नाई देलो. उद्या कर, म्हटलो."

मंगली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"किती बाकी होतं तिचं?" मनसारामनं विचारलं.

"गंज बाकी होतं, भाऊ. एका रात्रीत झालंच नसतं."

मनसारामनं हळूहळू मान हलवली. मग तो पुन्हा जाळं सांधू लागला.

मंगलीनं भागीरथेच्या हातातून कुंचा मागून घेतला आणि आपण लिहिलेल्या खालच्या ओळीपासून सुरुवात केली. ओल्या चुन्यातून आकडे दिसतच राहिले; वाळल्याशिवाय चुना ते झाकणार नव्हता. तिनं त्याच जागी दुसरा हात मारला, मग तिसरा.

भागीरथेनं मंगलीकडे पाहिलं, मग भिंतीकडे. तिनं बादली उचलली आणि दार आणि भिंत यांच्यामधे येऊन उभी राहिली, चुना वाळेपर्यंत.